दोन औषधांची एकच लघवीची गोळी: घ्यावी कशी, सांभाळावी कशी

बीपी वाढलेलं आणि पायांवर सूज, अशा दोन तक्रारी घेऊन गेलात की चिठ्ठीवर बऱ्याचदा लघवीची गोळी येते. त्या एका गोळीत अनेकदा दोन औषधं असतात आणि पोटॅशियमच्या बाबतीत ती एकमेकांच्या उलट वागतात. हे ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे ही गोळी वर्षानुवर्षं जुन्या चिठ्ठीवर आणली जाते, घेतली जाते आणि रक्त मात्र कुणी तपासत नाही. हा लेख त्यासाठीच आहे. गोळी सुरू करायची की नाही, किती घ्यायची, हे डॉक्टरच ठरवतील. घरी काय सांभाळायचं ते इथे सांगतो.

आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडी म्हणजे टॉरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड आणि त्याच्या सोबतीला स्पायरोनोलॅक्टोन. पहिलं औषध मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी झपाट्याने बाहेर काढतं, पण त्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं. दुसरं औषध अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवतं. त्यामुळे मीठ बाहेर पडतं आणि पोटॅशियम अंगात राहतं. फक्त बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइडसोबत अमिलोराइड किंवा ट्रायमटेरिन अशीही जोडी असते, तत्त्व तेच.

एक पोटॅशियम घालवतं, दुसरं राखतं, म्हणजे हिशेब आपोआप जुळला, असं वाटणं साहजिक आहे. पण तो नेहमी जुळत नाही. वय झालेलं असेल, मधुमेह असेल, मूत्रपिंड थकलेलं असेल, तर पोटॅशियम साठत जातं. उलट्या-जुलाब झाले, जेवण तुटलं, तर ते घसरूही शकतं. १९९९ मध्ये एका मोठ्या चाचणीत असं दिसलं की गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये (हृदयाची पंप करण्याची ताकद खूप घटल्यावर) स्पायरोनोलॅक्टोन दिल्याने मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झालं. त्यानंतर कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात हे औषध भराभर लिहिलं जाऊ लागलं आणि वाढलेल्या पोटॅशियममुळे रुग्णालयात भरती होणारे आणि दगावणारे रुग्णही वाढले. २००४ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. औषध चांगलंच होतं आणि आजही आहे. पण ते द्यायचं तर रक्तावर लक्ष ठेवावं लागतं.

आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

मोठ्या अक्षरांतलं नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरांत घटक आणि त्यांचे मिलिग्रॅम असतात, ते चष्मा लावून वाचा. उदाहरणार्थ, डायटॉर प्लस १० मध्ये टॉरसेमाइड १० आणि स्पायरोनोलॅक्टोन ५० मिलिग्रॅम असतं. लॅसिलॅक्टोन ५० मध्ये फ्युरोसेमाइड २० आणि स्पायरोनोलॅक्टोन ५०. आणि नुसत्या लॅसिक्समध्ये फक्त फ्युरोसेमाइड. नावं जवळजवळची, आतलं औषध वेगळं. केमिस्टने ‘तेच आहे, कंपनी दुसरी’ म्हणून हातात दिलेली स्ट्रिप जुन्या स्ट्रिपशेजारी धरून घटक आणि आकडे जुळवल्याशिवाय पिशवीत टाकू नका.

मग घरातली बाकीची औषधंही काढा. बीपीच्या ज्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असतं, तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे तेही लघवीचंच औषध असतं. हृदयाच्या डॉक्टरांनी एक दिलेली, फॅमिली डॉक्टरांनी दुसरी, आणि दोन्ही रोज पोटात जाताहेत, असं पुष्कळ घरांत घडतं. काही वेळा डॉक्टर जाणूनबुजून दोन्ही देतात. म्हणून स्वतःच एखादी बंद करू नका, पण दोन्ही स्ट्रिप्स त्यांच्यासमोर ठेवून विचारा.

आणखी एक. गोळी अर्धी केली की दोन्ही औषधं अर्धी होतात. सूज उतरली म्हणून आपल्या मनाने अर्धीवर येणं किंवा चढली म्हणून दीड घेणं, दोन्ही टाळा.

ही सूज नेमकी कशाची, ते विचारून घ्या

नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खड्डा तसाच राहिला, तर तिथे पाणी साठलंय. ते हृदयामुळे असेल, मूत्रपिंडामुळे, यकृतामुळे, नाहीतर एखाद्या औषधामुळे. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी घेणाऱ्यांच्या घोट्यांवर सूज येते, विशेषतः डोस जास्त असेल तर. ती सूज लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही, अ‍ॅम्लोडिपिन कमी करून किंवा बदलून हटते. अशा वेळी एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध चढवलं जातं आणि पेशंट दोन्ही सोसत राहतो. त्यामुळे ‘ही सूज अ‍ॅम्लोडिपिनची तर नसेल?’ असं विचारायला अजिबात संकोच करू नका. एकाच पायाला अचानक सूज आली आणि पोटरी दुखत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. तिथे लघवीच्या गोळीचा काही उपयोग नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्त कधी तपासायचं

गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय हे दाखवणारी तपासणी), सोडियम आणि पोटॅशियम. मग साधारण एका आठवड्याने, पुन्हा महिन्याने, आणि सगळं स्थिर असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी. डोस बदलला किंवा दुसरं कुठलं औषध वाढवलं, की हा क्रम पहिल्यापासून. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. ५.५ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ६ च्या वर असेल तर पुढच्या गोळीची वेळ होईपर्यंतही थांबू नका, थेट रुग्णालयात जा. पोटॅशियम वाढल्याचं बहुतेकदा अंगाला काहीच जाणवत नाही. माणूस चालतोय, बोलतोय आणि हृदयाची लय मात्र बिघडण्याच्या बेतात असते. ‘मला काही त्रास नाही, कशाला तपासायचं’ हा युक्तिवाद म्हणूनच इथे लागू पडत नाही.

रक्त काढताना मूठ सारखी उघडझाप करू नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसू शकतं. रिपोर्टवर नमुना ‘हिमोलाइज्ड’ (म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या) असा शेरा असेल तर आकडा फसवा असू शकतो. तपासणी पुन्हा लागते, आणि तीही लगेच.

वेळ: सकाळी, नाश्त्यानंतर

टॉरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड तासाभरात काम सुरू करतं आणि जोर सहा-आठ तास टिकतो. रात्री घेतलं तर झोपेचं खोबरं होतंच, शिवाय अंधारात घाईघाईने बाथरूमकडे जाताना वयस्कर माणसं पडतात. खुब्याचं हाड मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून सकाळीच. दोन वेळा लिहिली असेल तर दुसरी दुपारी चारच्या आत. स्पायरोनोलॅक्टोन अन्नासोबत जास्त चांगलं शोषलं जातं, त्यामुळे उपाशीपोटी नको. आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी सूज तशीच दिसली म्हणून गोळी लागू पडत नाही असं समजू नका.

एसटीचा लांबचा प्रवास आहे, लग्नाला जायचंय, बाथरूम मिळणार नाही, अशा दिवशी लोक गोळीच टाळतात. त्यापेक्षा मुक्कामी पोचल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे आधीच विचारून ठेवा. बहुतेक जणांना ती मोकळीक मिळते. सकाळची विसरली आणि दुपारी आठवली तर घ्या. संध्याकाळी आठवली तर त्या दिवशी राहू द्या. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

वजनकाटा आणि वही

रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तशाच कपड्यांत वजन करा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, अंगात दोन लिटर पाणी साठलेलं असतं. सूज डोळ्यांना दिसण्याआधी, धाप लागण्याआधी काटा हे सांगतो. हृदयविकार असलेल्यांनी हा आकडा पक्का लक्षात ठेवावा आणि इतकं वजन वाढलं की डॉक्टरांना कळवावं. उलट वजन भराभर उतरतंय, तोंड कोरडं पडतंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर पाणी गरजेपेक्षा जास्त जातंय. तेही कळवायचं.

बीपी घेण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, दंड हृदयाच्या उंचीवर. अधूनमधून उभं राहिल्यावरचंही घ्या. वयस्करांना त्याचा फार उपयोग होतो.

ताटात काय, आणि उपवासाला काय

दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. वरून घेतलेलं मीठ दिसतं तरी. लोणचं, पापड, फरसाण, खारी, सुके बोंबील यांतलं दिसत नाही. मीठ कमी केलं नाही तर गोळी बाहेर काढत राहते आणि आपण भरत राहतो. सैंधव मीठही मीठच आहे, त्याने सोडियम टळत नाही.

आता ज्या गोष्टीत भले भले फसतात ती. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. बीपी आहे म्हणून घरचे प्रेमाने तेच आणतात. स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. तसंच शहाळ्याचं पाणी. उन्हाळ्यात, आजारपणात आपण हमखास शहाळं देतो, कोकणात आणि गोव्यात तर ते दारातच असतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियम घसरलेल्याला कदाचित बरं, पण वाढलेल्याला धोक्याचं. आणि आपण यांपैकी कोण आहोत हे रिपोर्ट बघूनच कळतं.

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांचं ताट आठवा: बटाटा, रताळं, केळी, शेंगदाणे, खजूर, वर नारळपाणी. सगळं पोटॅशियमने भरलेलं. आणि दुसऱ्या टोकाला निर्जळी उपवास, ज्यात गोळी पाणी काढतच राहते आणि आत थेंबही जात नाही. श्रद्धेचा मान ठेवूनच सांगतो, ही गोळी घेत असताना निर्जळी करू नका. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ आणि डोस ठरवून घ्यावा. बटाटा-रताळं खायचंच तर साल काढून, फोडी करून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी टाकून द्या. पोटॅशियम बरंच कमी होतं.

कोणत्या औषधांबरोबर जपायचं

गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी सगळ्यात त्रासदायक. ती अंगात पाणी धरून ठेवते, बीपी चढवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. त्यात रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधांपैकी काही चालू असेल तर मूत्रपिंड अचानक बसू शकतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं को-ट्रायमॉक्साझोल पोटॅशियम वाढवतं. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तर आधीच सांगा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर पहिल्याच भेटीत.

उलट्या-जुलाब आणि वैशाखातलं ऊन

उलट्या, जुलाब किंवा ताप येऊन खाणंपिणं बंद झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, ‘गोळी एक-दोन दिवस थांबवू का?’ अशा वेळी बहुधा थांबवायला सांगतात आणि खाणं-लघवी पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू करतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा घामानेच पाणी आणि मीठ जातं. हिवाळ्यात बसवलेला डोस तेव्हा जड होऊ शकतो. उन्हाळा सुरू होतानाच एकदा दाखवून या.

काही त्रास लोक सांगतच नाहीत

स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांच्या छातीत गाठ येते, दुखते. लाजेपोटी माणसं महिनोन्महिने सांगत नाहीत आणि एक दिवस गोळीच सोडून देतात. यावर एप्लेरेनोनसारखं पर्यायी औषध आहे, सांगितलं तर बदलून मिळतं. पायाचा अंगठा लाल होऊन ठणकला तर यूरिक अ‍ॅसिड वाढलेलं असू शकतं.

आजी-आजोबा दोन-तीन दिवसांत गुंगल्यासारखे झाले, असंबद्ध बोलायला लागले, मळमळतंय म्हणून जेवेनात, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सोडियम घसरल्यावर असंच होतं, हायड्रोक्लोरोथायझाइड असलेल्या गोळीने तर विशेष. त्याच दिवशी सोडियम तपासून घ्या. मात्र छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटणं, पायांतली ताकद जाणं, चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं किंवा दिवसभर लघवी जवळजवळ न होणं, यांतलं काहीही झालं तर तपासणीसाठी लॅब शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी होईल अशा रुग्णालयात न्या आणि पोचताच डॉक्टरांना सांगा की पेशंट पोटॅशियम राखणारी लघवीची गोळी घेतो.