उपचारांना न जुमानणारी छातीतली वेदना: पुढे काय करावे
औषधे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊनही ३ महिन्यांपेक्षा अधिक काळ छातीत दुखत राहिले, तर नव्या उपायाकडे वळण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्यावे; कारण रक्तक्षय, थायरॉइडचा विकार किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दोष दुर्लक्षित राहिलेला असू शकतो.

वेदना हृदयाचीच ठरल्यास नेहमीच्या औषधांना रॅनोलाझिन, आयव्हाब्रॅडिन, निकोरॅन्डिल यांपैकी एखाद्याची जोड देता येते. रॅनोलाझिनपूर्वी ईसीजी आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

एवढ्याने भागले नाही, तर ईईसीपी या शरीराबाहेरून दाब देण्याच्या उपचाराविषयी विचारावे. यात पायांभोवतीचे पट्टे हृदयाच्या विश्रांतीच्या क्षणी फुगून रक्त हृदयाकडे ढकलतात; साधारणपणे रोज १ तास, अशी ३५ सत्रे होतात. चिकाटी लागते, पण शस्त्रक्रिया टळत असल्याने हा पर्याय आधी अजमावणे मला रास्त वाटते. मात्र पायात रक्ताची गुठळी किंवा महाधमनीची झडप बरीच गळत असल्यास तो वर्ज्य आहे. हृदयाच्या मुख्य शिरेत बसवायची डमरूच्या आकाराची जाळी आणि मज्जारज्जूला विद्युत उत्तेजन देणारे उपकरण हे मोजक्या केंद्रांतले पर्याय होत.

विश्रांती व जिभेखालच्या गोळीनंतरही वेदना न थांबल्यास तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.