पहिली दुर्बीण घेताना आधी जिना मोजा

माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ असं लिहिलं होतं आणि शेजारी लख्ख कड्यांचा शनी छापला होता. गच्चीवर नेऊन ती ५२५ पटीवर लावली, तर दिसला एक थरथरणारा पिवळसर डाग. फसवणूक झाली म्हणून चार महिने तिला हात लावला नाही. मग एका जाणत्या मित्राने तीच दुर्बीण ७० पटीवर लावून दिली आणि कडी दिसली! दुर्बीण बरी होती, खोक्यावरचा आकडा तेवढा थापेबाज होता.

त्यामुळे ‘कोणती घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, ‘बघणार कुठून? आणि तिथपर्यंत उचलून नेणार कोण?’

पायरी १ : दोन अमावास्या दुर्बिणीशिवाय काढा

दुर्बिणीत एका वेळी आकाशाचा जेमतेम चंद्राएवढा किंवा त्याच्या दुपटी-तिपटीचा तुकडा दिसतो. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध, मघा नुसत्या डोळ्यांनी सापडत नसतील, तर दुर्बिणीतून तुम्ही आकाशात नुसते हरवाल. पहिले दोन महिने नक्षत्रं ओळखण्यात घालवा.

सोबत १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर उत्तमच. १० म्हणजे दहा पट मोठं, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवून बघितलं की गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात, कृत्तिका तर दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीतच जास्त छान दिसते. काळोख्या गावी गेलात तर देवयानी दीर्घिकाही दिसेल. तो धूसर पट्टा सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. दुर्बीण आल्यावरही द्विनेत्री अडगळीत जात नाही, हा माझा अनुभव.

याच काळात एखाद्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला जा. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं करतं. तिथे चार जणांच्या चार दुर्बिणींना डोळा लावायला मिळतो. मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ फोटोतल्यासारखा गुलाबी दिसत नाही, राखाडी धुरासारखा दिसतो. हे पैसे मोजायच्या आधी कळलेलं बरं.

पायरी २ : जिना, गच्ची आणि किल्ली

चौथ्या मजल्यावर राहता, लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते? मग वीस किलोची दुर्बीण घरी शोभेला राहील. पाण्याची भरलेली बादली दोन मजले चढवून बघा. जेवढं वजन कुरकुर न करता वर नेता येतं, तेवढीच दुर्बीण घ्या.

बाल्कनीतूनच बघणार असाल तर ती कोणत्या दिशेला आहे ते पाहा. दक्षिणेकडची बाल्कनी फार कामाची, कारण ग्रह आपल्याकडे बहुतेक वेळा डोक्यावरून दक्षिणेच्या अंगाने जातात. उन्हाळ्यात तर दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गुच्छ क्षितिजावर २४ अंशांपर्यंत चढतो. लंडनकरांना तो घरून कधीच दिसत नाही. एक अडचण मात्र आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि ग्रहाची प्रतिमा पाण्याखाली असल्यासारखी हलते. शहरात ग्रह बघायचे तर अकरानंतर.

पायरी ३ : खोक्यावरचा खरा आकडा वाचा

खरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग व्यासाने तिच्या दहापट, म्हणजे प्रकाश शंभरपट गोळा करतं. १३० मिलिमीटरचा आरसा ७० च्या जवळजवळ साडेतीन पट प्रकाश देतो. बारीक तपशीलही व्यासावरच ठरतो.

‘किती पट’ हा आकडा दुर्बिणीचा नसतोच, तो आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या सुट्या भिंगाचा खेळ असतो. दुर्बिणीचं नाभीय अंतर (भिंग किंवा आरशापासून प्रकाश एकवटतो त्या बिंदूपर्यंतचं) भागिले आयपीसचं नाभीय अंतर, एवढंच गणित. माझ्या दुर्बिणीचं ७०० मिलिमीटर होतं, सोबत ४ मिलिमीटरचा आयपीस होता. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्यात तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की झाले ५२५! पण व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीपलीकडे प्रतिमा नुसती फुगते आणि अंधारते. म्हणजे ७० मिलिमीटरला १४० पट ही हद्द झाली. पटीचा आकडा मोठ्या अक्षरात आणि व्यास कोपऱ्यात छापला असेल, तर ते खोकं परत फळीवर ठेवा.

आणखी एक खोच. नळी हातभर लांब आणि नाभीय अंतर मात्र १००० मिलिमीटर, अशा ११४ किंवा १२७ मिलिमीटरच्या स्वस्त आरशाच्या दुर्बिणी मिळतात. त्यांत डोळ्याकडच्या नळीत एक जादाचं भिंग बसवलेलं असतं आणि ते बहुधा सुमार असतं. साध्या न्यूटन पद्धतीच्या, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत नळीची लांबी आणि नाभीय अंतर साधारण सारखंच असतं, तेव्हा टेप लावून खात्री करा.

पायरी ४ : भिंग की आरसा?

भिंगाची दुर्बीण बंदिस्त, दणकट असते आणि पुन्हापुन्हा जुळवावी लागत नाही. ७० किंवा ८० मिलिमीटरची, लांब नळीची अशी दुर्बीण बाल्कनीवाल्यांना योग्य. चंद्र, गुरू, शनी, जोडतारे छान दिसतात. तेजस्वी वस्तूंच्या कडेला थोडी जांभळी झाक येते, तेवढी चालवून घ्यायची.

त्याच पैशात आरसा जास्त मोठा मिळतो. पण आरसे अधूनमधून जुळवावे लागतात. पहिल्यांदा घाम फुटतो, दहाव्यांदा पाच मिनिटांत होतं. मॅक्सुटॉव्ह जातीची दुर्बीण भिंग आणि आरसा दोन्ही वापरते. ती आखूड आणि ग्रहांसाठी फार चांगली, फक्त महाग.

गच्ची किंवा अंगण असेल तर माझं मत सरळ डॉब्सोनियनला. न्यूटनची आरशाची दुर्बीण, खाली तिपाईऐवजी लाकडी फिरता पाट. ही रचना रूढ करणारे जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. जहाजाच्या गोल खिडक्यांच्या जुन्या काचा घासून त्यांनी आरसे केले आणि फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवला. पैसे यंत्रावर न जाता आरशावर जातात, हीच तिची खुबी. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन दोन भागांत सुटते आणि दोघांनी सहज वर जाते. तेवढीही झेपत नसेल तर १३० मिलिमीटरची टेबलावर ठेवायची मिळते. फक्त टेबल डुगडुगणारं नको.

मोबाइलवर थेट चित्र देणाऱ्या नव्या स्मार्ट दुर्बिणींना बहुधा डोळा लावायची जागाच नसते, त्यामुळे त्या इथे धरल्या नाहीत. फोटोग्राफी हाही स्वतंत्र आणि खिसा रिकामा करणारा नाद आहे.

पायरी ५ : स्टँड हलवून बघा

दुकानात दुर्बीण दूरच्या पाटीवर रोखा आणि नळीला टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिर झालं नाही तर नको म्हणा. ७० पटीला स्टँडचा थरथराटही ७० पट होतो.

विषुववृत्तीय स्टँड दिसायला भारदस्त असतो आणि त्याची मोहिनी पडते. त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, नागपूरला एकवीसवर, म्हणजे शहरात बहुधा समोरच्या इमारतीमागे. शिवाय काही स्टँड इतके खाली झुकतच नाहीत, झुकले तर वजनाची दांडी तिपाईच्या पायावर आपटते. नवख्याने वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा साधा स्टँडच घ्यावा. पृथ्वी फिरत असल्यामुळे १२० पटीला ग्रह साधारण दीड मिनिटात नजरेबाहेर सरकतो. तेवढं हाताने ढकलत राहायची सवय होते.

आयपीस सव्वा इंची नळीचे हवेत. एक २५ आणि एक १० मिलिमीटरचा पुरे. ‘सूर्य बघण्यासाठी’ म्हणून आयपीसला लावायची छोटी काळी काच सोबत आली तर ती त्याच क्षणी फोडून टाका. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते, आणि डोळा जायला एक क्षण पुरतो. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच बसणारा असावा.

घरी आल्यावर

शोधक दुर्बीण, म्हणजे नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी जुळवा. लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक मोठ्या दुर्बिणीच्या मधोमध आणा आणि मग शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मध्यावर घ्या. सूर्याच्या दिशेला मात्र अजिबात रोखू नका.

पहिला चंद्र शुक्ल षष्ठी ते अष्टमीचा बघा. उजेड आणि सावलीच्या सीमेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की हात लावावासा वाटतो. कोजागरीला सोसायटीत आग्रह होतोच, ‘तुमची दुर्बीण लावा ना!’ पण पौर्णिमेला चंद्रावर सावल्याच नसतात, तो नुसता पांढऱ्या ताटासारखा दिसतो. त्या रात्री गुरू किंवा शनी वर असेल तर रांग तिकडे वळवावी.

जूनमध्ये ढग आले की दुर्बीण कापडात गुंडाळून कपाटात कोंबू नका. कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात आयपीसवर बुरशीची जाळी धरते, काच कायमची खराब होते. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओलावल्या की बदला किंवा गरम करून वाळवा. नळीची दोन्ही तोंडं झाकताना आत ओल नाही ना ते बघा. आरशावर धूळ दिसली तरी पुसायचा मोह आवरा, थोड्या धुळीने काही बिघडत नाही, पण फडक्याने ओरखडे मात्र नक्की पडतात.