बिग बँडसाठी सॅम्पल लायब्ररी कशी निवडावी

सॅम्पल लायब्ररी म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर, जे कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डवर वाजवता येतात. ती निवडण्याआधी कागदावर बँड मांडा. नेहमीचा बिग बँड (जॅझचा मोठा वाद्यवृंद) म्हणजे पाच सॅक्सोफोन (दोन आल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन), चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि सोबत पियानो, गिटार, बास, ड्रम्स. तुमच्या रचनेत यातलं नेमकं काय वाजणार आहे ते लिहून काढा आणि मगच लायब्ऱ्यांचे डेमो ऐकायला बसा.

दुसरा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा: वाद्यं सुटी हवीत. मी पहिल्यांदा तीन ट्रम्पेट एकत्र रेकॉर्ड केलेला पॅच (लायब्ररीतला एक तयार आवाज) घेतला आणि त्यावर चार सुरांची कॉर्ड दाबली. बारा ट्रम्पेट वाजले! आवाज मोठा झाला, पण चार माणसं एकत्र फुंकताना प्रत्येकाचा जो वेगळा श्वास ऐकू येतो, तो गेला. चारही ट्रम्पेटना वेगवेगळे सॅम्पल असतील, तर हार्मनी उठून दिसते. एकाच ट्रम्पेटच्या चार नकला केल्या, की ती चिकटून जाते.

आता सूर संपतो कसा, ते ऐका. जॅझची अर्धी गंमत तिथेच आहे. शेवटी घसरणारा फॉल, वर उडणारा डॉइट, लांब सुरावरचा शेक (सूर वरखाली झपाट्याने हलवणं) हे सगळं हवं, आणि फॉल किमान दोन लांबींचे हवेत, कारण जलद चालीत लांब फॉल पुढच्या मात्रेवर सांडतो. कान तयार करायला सी. रामचंद्रांची जुनी गाणी ऐका. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांचा सहायक होता.

म्यूटही (ट्रम्पेटच्या तोंडात बसवून आवाज बदलणारं बूच) तपासा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा तो आत ओढलेला आवाज हार्मन नावाच्या धातूच्या म्यूटची मधली नळी काढून येतो. नुसतं ‘म्यूटेड ट्रम्पेट’ लिहिलेला पॅच तो देईलच असं नाही. प्लंजरचं (ट्रम्पेटच्या तोंडापुढे उघडझाप करायची रबरी वाटी) ‘वा-वा’ तर मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे कीबोर्डच्या बाजूच्या चाकावर, हातात असायला हवं.

डेमोचा रिव्हर्ब (आवाजाला दिलेली घुमणारी गुंज) दोष झाकतो, म्हणून डेमो शक्यतो कोरडा, म्हणजे रिव्हर्बशिवाय, मागा. ट्रायल मिळाली तर मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एकच सूर आठ वेळा वाजवा. आठही वेळा हुबेहूब तोच आवाज आला, तर राउंड रॉबिन (एकाच सुराची आळीपाळीने वाजणारी वेगवेगळी रेकॉर्डिंग) कमी आहे. ती लायब्ररी सोडा.

ड्रम्समध्ये ब्रश (काठीऐवजी वापरायचा तारांचा कुंचा) बघा. स्नेअरवर गोल फिरणारा ब्रश ठरावीक लयीत रेकॉर्ड केलेला असला, तर तुमच्या लयीत तो अडखळेल.

पैसे भरण्याआधी लायब्ररीला कॉन्टॅक्ट (Kontakt, सॅम्पल वाजवणारं सॉफ्टवेअर) पूर्ण, विकत घेतलेलं लागतं की त्याचा मोफत प्लेअर चालतो, हे वाचा.

बजेटमध्ये थोडं उरवा आणि मुख्य सोलोपुरता एक खरा टेनर वादक बोलवा. त्याच्या मागे सॅम्पलचे बारा जण बसले, तरी खपून जातात.