विमान उद्योगाच्या प्रदर्शनाला निघालात? ठाणे-नवी मुंबईच्या कारखानदारांनो, या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात फाइव्ह ॲक्सिस मशीन बसलं, रबाळ्यात कुणी सीएमएमसाठी (पार्टची मापं तपासणाऱ्या यंत्रासाठी) एसी खोली बांधली, की पुढच्या वर्षभरात एरो इंडिया या बंगळुरूच्या विमान प्रदर्शनाचा विषय निघतोच. निघायलाच हवा. शेजारी विक्रोळीत गोदरेज कित्येक वर्षं इस्रोसाठी इंजिनं बनवते आहे, म्हणजे हे काम आपल्या पट्ट्याला परकं नाही. तरीही अनेक जण बंगळुरूहून किंवा पॅरिसच्या अशाच प्रदर्शनाहून व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन येतात, सहा महिने वाट पाहतात आणि मग म्हणतात, ‘आपल्यासारख्या छोट्यांना तिथे कोण विचारतो!’ मला हे मुळीच पटत नाही. विचारतात, पण वेगळंच काही विचारतात आणि त्या प्रश्नाची तयारी आपण केलेली नसते.

एअरबस ए-३२० पहिल्यांदा उडालं फेब्रुवारी १९८७ मध्ये. त्याची नवी आवृत्ती आजही बनते आहे. बोईंग ७३७ तर १९६७ चं. अशा विमानाचा एखादा ब्रॅकेट बनवायला देणारा खरेदीदार तुमच्या टेबलावरचा चकचकीत पार्ट दोन मिनिटं पाहतो. त्याला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की हा माणूस पुढची वीस वर्षं हाच पार्ट, याच मापात, पूर्ण कागदपत्रांसह देत राहील का? बहुतेक चुका हा प्रश्न न ओळखल्यामुळे होतात.

‘आमच्याकडे आयएसओ आहे’ एवढ्यावर थांबणं

आयएसओ ९००१ चांगलंच आहे, पण विमान उद्योगात प्रवेशाचा दाखला म्हणजे एएस ९१००. त्यात आयएसओ ९००१ पूर्ण येतं आणि वर कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट (ड्रॉइंगच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे पार्ट बनला याची नोंद), बनावट पार्ट रोखण्याची पद्धत, उत्पादनाची सुरक्षितता अशा जादा अटी असतात. युरोपात हेच ईएन ९१०० म्हणून ओळखलं जातं. प्रमाणपत्र मिळालेल्या कंपन्यांची नोंद ओॲसिस नावाच्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये असते आणि खरेदीदार ती समोर बसल्या बसल्या मोबाइलवर तपासू शकतो. म्हणून प्रमाणपत्र नसताना ‘जवळजवळ झालंच आहे’ असं मोघम बोलू नका. ऑडिट कोणत्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख कोणती, कोणती संस्था करते आहे, हे स्पष्ट सांगा. प्रामाणिक ‘अजून नाही, पण ऑगस्टमध्ये दुसरा टप्पा आहे’ याला तिथे मान मिळतो.

याहून जास्त लोक अडकतात ते स्पेशल प्रोसेसमध्ये. मशीनिंग तुमचं उत्तम असेल, पण हीट ट्रीटमेंट, ॲनोडायझिंग, क्रॅक शोधण्याची तपासणी ही कामं तुम्ही बाहेरून करून घेता. मोठ्या कंपन्या या कामांसाठी सहसा नॅडकॅप ही अशा खास प्रक्रियांसाठीची विमान उद्योगातली मान्यता मागतात आणि पुष्कळदा स्वतःच्या मंजूर यादीतलाच प्रोसेसर लागतो असंही सांगतात. आपला नेहमीचा प्लेटिंगवाला तुर्भ्यात दोन गल्ल्या सोडून असेल, वीस वर्षांचे संबंध असतील, पण मान्यता नसेल तर तिथे त्याचं नाव घेऊन उपयोग नाही. जाण्याआधीच बंगळुरू, हैदराबाद, बेळगाव या भागांतल्या मान्यताप्राप्त प्रोसेसरशी बोलून ठेवा. पार्ट तिकडे पाठवून परत आणायला किती दिवस आणि किती पैसे लागतील, याचा हिशेब खिशात हवा. ‘फिनिशिंग कुठे करता?’ हा प्रश्न हमखास येतो.

कागदाला पार्टपेक्षा कमी लेखणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त जोर देतो. सळईवरचा हीट नंबर (ती धातूच्या कोणत्या ओतीतली), मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, रूट कार्ड (कामाच्या टप्प्यांची नोंद), तपासणीचा रिपोर्ट आणि पाठवलेल्या खोक्यावरचा बॅच नंबर ही साखळी कुठेही तुटली तर पार्ट भंगारात जातो, माप कितीही बरोबर असो. २०२३ मध्ये लंडनच्या एका व्यापारी कंपनीने सीएफएम-५६ इंजिनांच्या सुट्या भागांना बनावट कागद लावल्याचं उघड झालं आणि जगभरच्या विमान कंपन्यांना इंजिनं उघडून ते भाग काढावे लागले. २०२४ मध्ये टायटॅनियमच्या खोट्या सर्टिफिकेटांची चौकशी सुरू झाली, तीही बोईंग आणि एअरबस अशा दोन्हींच्या विमानांबाबत. त्यानंतर खरेदीदार मटेरियलबद्दल जास्त खोदून विचारतात आणि त्यांचं बरोबरच आहे. त्या विमानात माणसं बसतात.

मग करायचं काय? आधी बनवलेल्या एखाद्या साध्या पार्टची पूर्ण फाइल तयार करा. ग्राहकाचा नको, स्वतः डिझाइन केलेला डेमो पार्ट घ्या. ६०६१ किंवा ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमचा, ज्यात पातळ भिंत, खोल पॉकेट आणि दोन-तीन अवघड छिद्रं असतील. त्याचा एएस ९१०२ या मानकाप्रमाणे फर्स्ट आर्टिकल रिपोर्ट, म्हणजे पहिल्या नगाच्या पूर्ण तपासणीचा अहवाल भरा. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला फुग्यात नंबर, प्रत्येक नंबरापुढे मोजलेलं माप, कोणत्या उपकरणाने मोजलं, त्याचं कॅलिब्रेशन कधीचं. पार्ट आणि ही फाइल शेजारी ठेवा. समजणारा माणूस आधी फाइल उचलतो.

त्या मापांबाबत एक गोष्ट ठाण्याच्या उन्हाळ्यात फार महत्त्वाची आहे. मापं २० अंश सेल्सिअसला धरली जातात. ३०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पार्ट २० वरून ३५ अंशांवर गेला की सुमारे ०.१ मिलिमीटर वाढतो. पोलादी उपकरणही वाढतं, पण साधारण निम्मं, म्हणून फरक उरतोच. मे महिन्यात गाळ्यात पंख्याखाली मोजलेला पार्ट आणि फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत मोजलेला पार्ट जुळला नाही, तर दोष ऑपरेटरचा नसतो. मोजण्याआधी पार्ट एसी खोलीत पुरेसा वेळ ठेवला होता का, हे रिपोर्टमध्ये लिहायची सवय लावा.

आणि कडेची बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कंगोरी. खरेदीदार पार्ट हातात घेतला की पहिल्यांदा अंगठा कडेवरून फिरवतो. पावसाळ्यात नेत असाल तर ॲल्युमिनियमवर बोटांचे डाग आणि पांढरी बुरशीसारखी छटा येते, तेव्हा पार्ट हातमोजे घालून पॅक करा.

दुसऱ्या ग्राहकाचा पार्ट स्टॉलवर मांडणं

हे अगदी सर्रास होतं. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि तरी तो पार्ट काचेच्या पेटीत, वर ग्राहकाचं नाव. बघणारा मनात म्हणतो, उद्या माझाही पार्ट असाच मांडतील. लॅपटॉपवर ड्रॉइंग उघडून दाखवणं तर त्याहून धोक्याचं. संरक्षणाशी संबंधित अमेरिकन ड्रॉइंग दुसऱ्या देशाच्या माणसाला नुसतं दाखवणं हीसुद्धा त्यांच्या कायद्यात निर्यात ठरू शकते. आपल्याकडेही डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) स्कोमेट यादी आहे, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू आणि तंत्रज्ञानाची, तिची पाचवी श्रेणी विमान आणि अवकाश क्षेत्राची. नमुना किंवा तांत्रिक माहिती परदेशी पाठवण्याआधी ती यादी पाहा आणि शंका असेल तर सल्लागाराला विचारा.

थेट एअरबसच्या दारात जाऊन उभं राहणं

मोठ्या कंपन्यांच्या शॅलेंबाहेर (प्रदर्शनातल्या त्यांच्या खास बैठकीच्या दालनांबाहेर) ताटकळण्यात दोन दिवस घालवू नका. ८-१० मशीनच्या वर्कशॉपचा खरा ग्राहक पुरवठादारांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फळीत असतो. टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स, महिंद्रा एरोस्ट्रक्चर्स, डायनॅमॅटिक, बेळगावची एक्वस अशा भारतीय कंपन्या स्वतः परदेशी कंत्राटं घेतात आणि त्यांनाही सुटे भाग बनवणारे लागतात. टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा वडोदऱ्यातला कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तो तर ठाण्याहून एका रात्रीच्या अंतरावर. पहिली पायरी इथे चढा.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करतो. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली आणि ‘आता विमानाच्या पार्टची कामं पनवेलला येणार’ असं बोललं जाऊ लागलं. पार्ट जातात विमान जिथे जुळवलं जातं तिथे. विमानतळामुळे येतं ते ग्राउंड हँडलिंगचं आणि देखभालीचं काम. त्याची मान्यता वेगळी, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम वेगळे. दोन्ही धंदे चांगले आहेत, पण तयारी एकाची करून दुसऱ्याच्या प्रदर्शनाला जाऊ नका.

भेटी तिथे जाऊन ठरवू म्हणणं

एरो इंडिया २०२५ पाच दिवस होतं, पण धंद्याचे दिवस पहिले तीनच. पॅरिसला सात दिवसांपैकी पहिले चार. उरलेल्या दिवसांत विमानांच्या कसरती पाहायला कुटुंबं येतात आणि परचेसची माणसं परत गेलेली असतात. त्यामुळे शेवटचे दिवस धरून जाणारा फक्त कसरती पाहून येतो. खरेदी विभागाच्या लोकांचं वेळापत्रक दोन-तीन महिने आधी भरतं, ईमेल तेव्हाच जायला हवी. तुलूझच्या एरोमार्टसारखे मेळावे तर मुळात आधी ठरवलेल्या भेटींसाठीच असतात. माझं मत विचाराल तर लहान कारखान्याने स्टॉलवर खर्च करण्याआधी एकदा नुसतं पाहुणा म्हणून जावं आणि दहा भेटी पक्क्या करून जावं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पॅरिसचं प्रदर्शन जूनमध्ये असतं आणि मुंबईत तेव्हा सुट्ट्यांच्या प्रवाशांची गर्दी, म्हणून मार्चमध्येच हालचाल करा. विमानभाडं आणि स्टॉलच्या भाड्यासाठी एमएसएमई मंत्रालयाची आंतरराष्ट्रीय सहकार्य योजना आहे. उद्यम नोंदणी हवी आणि अर्ज आधी हवा. वागळे इस्टेटमधल्या टिसा किंवा रबाळ्यातल्या टीबीआयए या उद्योजकांच्या संघटनांमध्ये चौकशी केलीत तर पुढचा रस्ता कळेल.

नमुने नेण्यासाठी एटीए कार्ने घ्या, म्हणजे माल ड्युटी न भरता तात्पुरता परदेशी नेण्याचा परवाना; भारतात तो फिक्की ही उद्योग संघटना देते. पण जो पार्ट खरेदीदाराला देऊन यायचा आहे तो कार्नेच्या यादीत घालू नका. यादीतली प्रत्येक वस्तू परत यावीच लागते, नाही तर तिथली ड्युटी तुमच्या अंगावर पडते. जाताना आणि येताना दोन्हीकडच्या कस्टमचा शिक्का घ्यायला रांगेचा कंटाळा करू नका.

इंग्रजीची भीती वाटते म्हणून भाच्याला किंवा एजंटला पाठवू नका, हे कळकळीनं सांगतो. समोरचा जर्मन किंवा फ्रेंच माणूसही इंग्रजी शोधून शोधूनच बोलतो. तुमचं वाक्य मोडकं असलं तरी चालतं. ड्रॉइंगवर बोट ठेवून ‘हे टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) इथे कशाला? फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवणारं साधन) बदललं तर बरं होईल’ असं म्हणणारा माणूस हवा असतो. म्हणजे मालक, आणि बरोबर क्वालिटीचा माणूस.

परत आल्यावर

रेट तिथल्या तिथे सांगून आला असाल तर तो आता तुम्हाला धरून ठेवेल. बॅच किती, मटेरियल कोण देणार, टूलिंगचा खर्च कुणाचा, डिलिव्हरी एक्स-वर्क्स (आपल्या कारखान्याच्या दारात) की त्यांच्या दारात, हे कळल्याशिवाय आकडा बोलू नये. ‘ड्रॉइंग पाठवा, दहा दिवसांत लेखी कळवतो’ हे पुरेसं आहे.

कार्डं आठवड्याच्या आत मार्गी लावा. प्रत्येकाला एक पानाचा तपशील: मशीनची यादी आणि बेडचे आकार, कोणतं मटेरियल कापता, मोजायची उपकरणं, प्रमाणपत्रं. उत्तर आलं नाही तर ‘आठवण करून देतो’ अशी ईमेल टाकू नका, त्यांनी भेटीत उल्लेख केलेल्या एखाद्या पार्टबद्दल नेमका प्रश्न विचारा. तरीही गप्प राहिले तर कंपनीच्या सप्लायर पोर्टलवर नोंदणी करा आणि तो नंबर कळवा. पहिल्या भेटीपासून पहिल्या पीओपर्यंत (खरेदीच्या ऑर्डरपर्यंत) वर्ष-दीड वर्ष जाणं नेहमीचं आहे, तोपर्यंतचा खर्च चालू कामातून निघेल एवढीच उडी घ्या.

आणि एक दिवस चाळीस ड्रॉइंगची आरएफक्यू, म्हणजे रेट मागणारी विचारणा येते. त्यातली बारा जमण्यासारखी, बाकीची मशीनच्या बाहेरची. तेव्हा घाबरून गप्प बसू नका आणि चाळीसही घेतो म्हणू नका. बारांचा रेट वेळेत द्या, उरलेल्या अठ्ठावीसांपुढे ‘नो कोट’ लिहून प्रत्येकाचं कारण एका ओळीत लिहा.