माळ्यावर बुरशी नको, तर वाफेला वाट द्या

आमच्या पूर्व भागात खाली माग आणि वर पत्र्याखालच्या माळ्यावर टॉवेल-चादरींचे गठ्ठे, ही घरोघरची रीत. सोलापूर कोरडं, म्हणून ओलीची काळजी कुणी करत नाही. पण इथला पाऊस सप्टेंबरात जोर धरतो, आणि दिवाळीचा माल नेमका तेव्हाच भरलेला असतो. सुतावर काळे ठिपके धरले की धुऊनही जात नाहीत.

गळती आधी काढा, ते आहेच. पण पत्रा न गळताही माळा ओला होतो. न्हाणीतली, चुलीवरची वाफ वर चढते, रात्री गार झालेल्या पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि थेंब गठ्ठ्यांवर पडतात. पहाटे पत्र्याला खालून हात लावून बघा.

म्हणून वाटा दोन हव्यात. एक खाली वळचणीजवळ, हवा आत यायला. दुसरी वर आढ्याजवळ, बाहेर जायला. माळ्याच्या दर 150 चौरस फुटांना 1 चौरस फूट मोकळी जागा धरा, निम्मी खाली, निम्मी वर. उंदीर-कबुतरांसाठी जाळी हवीच, पण तारेत जागा जाते, तेव्हा भोक जरा मोठंच पाडा. वर पावसाच्या बाजूला तिरका पत्रा लावा. हे झरोके बारमाही उघडे राहू द्यात. छतावर वाऱ्याने फिरणारा पंखा बसवलात तरी खालची वाट लागतेच, नाहीतर तो नुसता फिरत राहतो.

न्हाणीच्या पंख्याचा पाइप माळ्यात सोडलेला दिसला की माझा जीव तुटतो. तो भिंतीतून थेट बाहेर काढा. एवढं एक केलंत तरी निम्मं काम झालं.

गठ्ठे फळ्यांवर रचा, भिंतीपासून आणि पत्र्यापासून चार बोटं दूर. दमट माल प्लास्टिकमध्ये बांधूच नका. माळ्याला खिडकी असेल तर झड लागलेली असताना ती मिटलेली बरी, बाहेरची हवाच ओली असते. ऊन पडलं की दुपारी उघडा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते वर टांगा. काटा 60 टक्क्यांच्या खाली हवा.

तरी बुरशी दिसलीच, तर कोरड्या झाडूने झटकू नका, तिचे कण घरभर उडतात. मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने वासे पुसा, पंखा लावून पूर्ण सुकवा. त्यावर रंग फासून झाकू नका. ओल आत राहिली तर बुरशी रंगातूनही वर येते.