शेवटच्या महिन्यांतले ‘पित्त’ आणि अचानक वाढलेला बीपी: घरच्यांनी काय करावे

माझी भाची लग्नानंतर कोल्हापूरला असते. पहिले बाळंतपण म्हणून डोहाळजेवण झाल्यावर ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आपल्या माहेरी आली. छत्तिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी तिला उजव्या बरगडीखाली दुखू लागले आणि दोनदा उलटी झाली. बहिणीने पित्त समजून कोकमाचे सार दिले, आणि सकाळी ज्या दवाखान्यात दाखवले तिथेही दंडाला पट्टा न बांधताच आम्लपित्ताची गोळी मिळाली. दुपारी सहज डोकावलेल्या आशाताईंचे लक्ष तिच्या चुड्याकडे गेले. आठ दिवसांपूर्वी मनगटावर खळखळणाऱ्या हिरव्या बांगड्या आता मांसात रुतल्या होत्या. त्यांनी उपकेंद्रातल्या सिस्टरांना बोलावून घेतले, तेव्हा बीपी 168/112 निघाला.

या आजाराला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर तो केव्हाही उद्भवू शकतो. त्याचे मूळ वारेत (प्लासेंटात) असते. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सुरुवातीपासून पुरेशा रुंदावत नाहीत, आणि पुढे त्याचे परिणाम आईच्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू यांवर दिसू लागतात. त्याची लक्षणे रोजच्या तक्रारींसारखीच असतात, हीच मोठी अडचण आहे. यकृताला आलेली सूज पित्तासारखी दुखते, डोकेदुखी जागरणाची वाटते, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले की अशक्तपणा म्हणून दूध-खजूर दिले जाते. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर अशी कोणतीही तक्रार आली, तर तिला नाव देण्याआधी बीपीचा आकडा पाहावा. पावलांवर संध्याकाळी येणारी सूज बहुतेक गरोदर बायकांना असते. चेहऱ्यावर आणि हातांवर एक-दोन दिवसांत चढलेली सूज मात्र वेगळी समजावी.

घरात यंत्र असेल, तर मोजण्याची पद्धत सांभाळावी. लघवीला जाऊन येऊन पाच मिनिटे खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून बसावे. चहा घेतलेला असल्यास अर्धा तास थांबावे. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीला यावा. मोजताना बोलू नये. डाव्या कुशीवर निजवून वरच्या दंडावर मोजल्यास आकडा खोटा कमी येतो, आणि काळजीने नेमके तेच पुष्कळदा केले जाते. शिवाय बाजारातली अनेक स्वयंचलित यंत्रे या आजारात प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतात. त्यामुळे लक्षणे असताना यंत्राने चांगला आकडा दाखवला, तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. तिथे लघवीतील प्रथिने तपासली जातात. वरचा 160 किंवा खालचा 110 असेल, तर पंधरा मिनिटांत एकदा पुन्हा मोजावे आणि तितकाच आल्यास सकाळची वाट न पाहता निघावे. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, बरगडीखालची कळ, दम लागणे, अंगावरून रक्त जाणे, पोट दगडासारखे कडक होणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही असेल, तर आकडा कितीही असो, थांबू नये.

निघताना कुठे जायचे हे आधी ठरवावे. रात्री सिझेरियन करू शकणारे डॉक्टर, रक्ताची सोय आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी अतिदक्षता विभाग या तीन गोष्टी एकाच ठिकाणी असाव्यात. खानापूर भागातून असे ठिकाण म्हणजे बहुधा बेळगाव. निपाणीकरांना कोल्हापूरही तितकेच सोयीचे पडते, आणि चंदगडकडची माणसे उलट बेळगावला येतात. अशा वेळी राज्याची हद्द न पाहता अंतर पाहावे. 108 ही रुग्णवाहिका महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत आहे. परंतु हद्दीजवळच्या गावात फोन पलीकडच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून नुसते गावाचे नाव न सांगता तालुका, जिल्हा आणि राज्यही सांगावे. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात झाड आडवे पडणे किंवा रेंज जाणे नित्याचे आहे. तिथल्या घरांनी नववा लागण्याआधीच गावातल्या एखाद्या जीपवाल्याशी बोलून ठेवावे. वाटेतले आरोग्य केंद्र उघडे असेल, तर तिथे झटके (फिट) टाळणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस आणि बीपीचे औषध मिळते का हे विचारावे, मात्र त्यासाठी फार आडवळण घेऊ नये.

सोबत तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारे नोंदींचे कार्ड), सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद हवा. सासर-माहेर दोन राज्यांत असले की जुने बीपीचे आकडे एका फायलीत आणि बाई दुसऱ्या गावात, असे होते. माहेरी निघतानाच सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण आजचा 136/86 हा आकडा पहिल्या महिन्यांत 100/60 असणाऱ्या बाईसाठी वेगळे काही सांगतो. दवाखान्यात सगळे मराठीत समजून घेतीलच असे नाही. ‘तलेनोवु’ म्हणजे डोकेदुखी एवढा एक कानडी शब्द जरी वेळेवर आठवला, तरी पुढचा प्रश्न बरोबर विचारला जातो.

वाटेत झटका आला, तर तिला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि किती वेळ झटका राहिला ते घड्याळात पाहावे. दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, पाणी पाजू नये. बाधा झाली म्हणून वाट वाकडी करून कोणाकडे नेण्यात जो तास जातो, तो परत मिळत नाही.

घरातल्या सासऱ्यांची बीपीची गोळी कधीही देऊ नये. त्यांतील काही गोळ्या गर्भाला अपाय करतात. डोके दुखते म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळीही नको. जेवणातले मीठ बंद करण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो, पण त्याने हा आजार थांबत नाही.

मोठ्या दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेट देतात ते झटके टाळण्यासाठी. त्याने अंगात एकदम भडका उठल्यासारखे वाटते, हे तिला आधी सांगावे म्हणजे ती घाबरत नाही. बीपी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन देऊन खाली आणतात, पण आजार ओसरू लागतो तो वार बाहेर पडल्यावरच. म्हणून सदतीस आठवडे झाले असल्यास बाळंतपण पुढे ढकलत नाहीत, आणि आजार तीव्र असल्यास चौतिसाव्या आठवड्यानंतरही सहसा थांबत नाहीत. ‘दिवस भरू द्या’ असा आग्रह धरून घरच्यांनी डॉक्टरांशी वाद घालू नये. भाचीचे सिझेरियन त्याच रात्री झाले. बांगड्या मात्र आधी साबणाच्या पाण्यानेही निघेनात, तेव्हा नर्सने त्या कापून काढल्या. चुडा कापताना बहीण रडली, हे मी समजू शकते.

बाळंतपणानंतरही सहा आठवडे बीपी मोजत राहावा, विशेषतः पहिल्या आठवड्यात, कारण झटके बाळंतिणीलाही येतात. शेक-शेगडीच्या खोलीत डोक्याला रुमाल बांधून निजलेल्या बाळंतिणीचे डोके दुखले की वारे लागले असे म्हणतात. तेव्हाही आधी दंडाला पट्टा बांधावा. पुढच्या खेपेला दिवस राहिल्याचे कळताच पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा इतिहास सांगावा, कारण कमी मात्रेची ॲस्पिरिन बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू केली तर तिचा उपयोग होतो. ती आपल्या मनाने मात्र घेऊ नये.