बडोद्यात सीपीआर आणि फर्स्ट एड शिकायचं असेल तर

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन त्याला धरून ठेवणं, हे मोबाईलवर बघून येत नाही. बघून कळतं, पण हात बसत नाही, आणि खरी वेळ येते तेव्हा हातच लागतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, आपल्या सगळ्या जुन्या भागांत घरोघरी साठी ओलांडलेले आईवडील आहेत, मुलं कुठे पुण्याला कुठे कॅनडाला, आणि १०८ ची गाडी गुजरातमध्ये २००७ पासून आहे, खूप कामाची आहे, पण हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते आणि संध्याकाळच्या मंगळ बाजारातून कुठलीही गाडी तेवढ्यात पोचेलच असं धरून चालता येत नाही. मधली मिनिटं घरातल्या किंवा शेजारच्या माणसानीच सांभाळायची असतात.

तर आधी हे ठरवा की शिकायचंय कशासाठी, कारण त्यावर कोर्स ठरतो आणि उगाच चुकीच्या कोर्सला पैसे जातात.

नर्सिंग, फिजिओ, मेडिकल, डेंटल यात असाल किंवा हॉस्पिटलच्या नोकरीला अर्ज करत असाल तर बहुतेक ठिकाणी अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचं कार्ड मागतात. त्यात लेखी परीक्षा असते, २५ प्रश्न, पास व्हायला ८४ टक्के, आणि मोठ्या माणसाचं आणि तान्ह्या बाळाचं सीपीआर सरावाच्या पुतळ्यावर करून दाखवावं लागतं. कार्ड दोन वर्षं चालतं. घरासाठी, सोसायटीसाठी, शाळेतल्या नोकरीसाठी शिकायचं असेल तर बीएलएसच्या मागे लागू नका, त्यांचाच हार्टसेव्हर नावाचा सामान्य माणसांसाठी कोर्स आहे, त्यात फर्स्ट एडही येतं. मकरपुरा किंवा नंदेसरीच्या कंपनीत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून दर १५० कामगारांमागे एक फर्स्ट एड पेटी आणि ती सांभाळायला सर्टिफिकेटवाला माणूस असा नियम चालत आलाय, त्यासाठी रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सचं फर्स्ट एड सर्टिफिकेट जास्त चालतं, पण आपल्या सेफ्टी ऑफिसरला आधी विचारा की कोणाचं चालेल, मगच फॉर्म भरा.

आणि ज्यांना सर्टिफिकेटशी काही देणंघेणं नाही, फक्त यायला हवंय, त्यांच्यासाठी आपल्याकडच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी तयार केलेला कोल्स म्हणून प्रकार आहे, म्हणजे तोंडानी श्वास न देता फक्त छाती दाबायची. थोड्या वेळात होतो, आणि घरातल्या आजीआजोबांनाही जमतो. मला स्वतःला वाटतं की प्रत्येक घरातल्या निदान दोघांना एवढं तरी यायलाच हवं, दोघांना अशासाठी की एकट्या माणसाचे हात दोन मिनिटांत दमतात.

फोन करून बुकिंग करताना काही गोष्टी न लाजता विचारा. एका पुतळ्यामागे किती माणसं? वीस माणसांत एक पुतळा असेल तर तुमच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येईल, त्यापेक्षा पाचसहा माणसांत एक असेल तिकडे जा, थोडे पैसे जास्त लागले तरी. बाळाचा पुतळा आहे का? एईडीचं, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचं, ट्रेनिंग मशीन आहे का? कार्ड कोण देणार आणि ते ऑनलाइन तपासता येतं का? हार्ट असोसिएशनचं ईकार्ड त्यांच्या साइटवर तपासता येतं, तसं होत नसेल तर काहीतरी गडबड आहे. नुसतं लिंक पाठवून, घरबसल्या प्रश्न सोडवून सर्टिफिकेट देणारे खूप निघालेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. थिअरी ऑनलाइन असली तर हरकत नाही, पण प्रॅक्टिकल समोरासमोरच व्हायला हवं. आणि भाषा विचारा, क्लास गुजरातीत किंवा इंग्लिशमध्ये असण्याचीच शक्यता जास्त, आपल्याला गुजराती येतंच म्हणा, पण गावाकडून नवीन आलेली सून किंवा मावशी बरोबर असेल तर शेजारी बसून मराठीत सांगणारं कोणीतरी न्या.

त्या दिवशी पंजाबी ड्रेस किंवा पँट घाला, जमिनीवर गुडघ्यांवर बसावं लागतं. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा.

आता तिथे काय शिकवतात ते थोडं सविस्तर, म्हणजे नीट लक्ष कुठे द्यायचं ते कळेल. माणूस पडला, खांदे हलवून हाक मारली, उत्तर नाही, की लगेच १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. मग श्वास बघायचा, दहा सेकंदांच्या वर नाही. इथेच बहुतेक लोक फसतात, कारण हृदय बंद पडलेला माणूस कधीकधी आचके देतो, तोंड उघडतो, घोरल्यासारखा आवाज करतो, आणि आजूबाजूचे म्हणतात श्वास चालू आहे, थांबा. तो श्वास नव्हे, सीपीआर सुरू करायचं. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा हात त्यावर, कोपरं सरळ, आणि पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. पाच सेंटीमीटर म्हणजे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त असतं, आणि हे पुतळ्यावरच कळतं, चांगल्या पुतळ्यात खोली बरोबर झाली की टिक असा आवाज येतो. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, घाईत लोक हेच विसरतात आणि मग हृदयात रक्त भरतच नाही. ट्रेनरला सांगा की माझी छाती पूर्ण वर येतेय का तेवढं बघा. तीस वेळा दाबून दोन श्वास हे शिकवतीलच, श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबत राहा, पण बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलाला श्वास महत्त्वाचा, तो भाग सोडू नका. विश्वामित्रीला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेला पूर बघितलाय आपण सगळ्यांनी, ही गोष्ट बडोद्याच्या माणसाला वेगळी सांगायला नको.

बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला तर काय, हे आवर्जून करून बघा, विशेषतः नातवंडं सांभाळणारे असाल तर. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पाच थापा पाठीत, मग पाच वेळा छातीवर दाब, पोट दाबायचं नाही. तोंडात दिसत नसताना बोट घालून काढायला जायचं नाही, वस्तू अजून आत जाते.

फर्स्ट एडच्या भागात आपल्या शहराला लागणारं मुद्दाम विचारून घ्या. उत्तरायणात मांज्यानी गळा किंवा बोटं कापली तर स्वच्छ कापडानी थेट जखमेवर घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उघडून बघायचं नाही, आणि गळ्याची जखम असेल तर श्वास दबणार नाही असं दाबायचं. धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून, कोणी पडलं तर मान हलवायची नाही, उचलून रिक्षात कोंबायचं नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी, टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको. आकडी आली तर तोंडात चमचा घालायचा नाही आणि चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवून आजूबाजूचं सामान बाजूला करायचं. साप चावला तर कापायचं नाही, दोरी करकचून बांधायची नाही, हातपाय न हलवता सरळ सयाजी हॉस्पिटल.

लोक कायद्याला घाबरतात म्हणून हेही सांगतो, रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये असं सुप्रीम कोर्टानी २०१६ मध्ये मान्य केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनी मोटर वाहन कायद्यात कलम १३४ अ म्हणून ते आलं. नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटलमध्ये सोडून तुम्ही निघू शकता.

एकेकट्यानी जाण्यापेक्षा आपल्या मंडळात किंवा सोसायटीत बॅच लावणं स्वस्त आणि जास्त उपयोगी. बाराएक माणसं जमवा, हॉल बहुतेक फुकट मिळतो, इन्स्ट्रक्टर पुतळे घेऊन येतात. गणपतीच्या दिवसांत ठेवू नका, कोणी येत नाही. गणपती झाल्यावर नवरात्रीच्या आधीचा रविवार सगळ्यात चांगला, गरब्यात पोरं रात्र रात्र नाचतात, मग ग्राउंडवर सीपीआर येणारी चार माणसं तरी असतात. रेडक्रॉसच्या जिल्हा शाखेत आधी विचारा, नंतर तुमच्या जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, ते लोक कम्युनिटी ट्रेनिंग घेतात.

कार्ड मिळालं की त्यावरची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, पण तोपर्यंत दोन वर्षं काहीच केलं नाही असं नको, हात काही महिन्यांतच विसरतो. दर तीन महिन्यांनी घरातली कडक उशी जमिनीवर ठेवून दोन मिनिटं न थांबता दाबा, बाजूला कोणालातरी घड्याळ घेऊन बसवा, मिनिटाला किती होतात ते मोजायला सांगा. शंभरच्या खाली येत असतील तर पुढच्या बॅचला परत जाऊन बसा.